अमेरिकन सैन्याने ज्या चेरोकींना घराबाहेर काढलं, त्यांच्यातल्याच एकाने त्या सैन्याचं सर्वोच्च पदक मिळवलं

२२ फेब्रुवारी १९४४. इटलीत अँझिओच्या आघाडीवर, पाडिल्योनेजवळ. उजाडायला दोन तास बाकी होते. लेफ्टनंट जॅक माँटगोमेरी यांच्या तुकडीसमोर ५०, १०० आणि ३०० यार्डांवर जर्मनांची तीन ठाणी होती. माँटगोमेरी रायफल आणि हातबॉम्ब घेऊन एकटेच एका चरातून सरपटत पुढे गेले. पहिल्या ठाण्यावर ८ ठार, ४ कैदी. परत येऊन त्यांनी दुसरी बंदूक उचलली आणि पुन्हा निघाले. तिसरं ठाणं पडेपर्यंत हिशेब झाला ११ ठार, ३२ कैदी. त्याच रात्री मॉर्टरच्या तुकड्यांनी ते जबर जखमी झाले. या कामगिरीसाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं.

(त्यांच्या ४५ व्या डिव्हिजनच्या खांद्यावर आधी चक्क स्वस्तिक असायचं! ते मूलनिवासींचं जुनं चिन्ह. हिटलरमुळे १९३९ मध्ये ते काढून थंडरबर्ड पक्षी आला.)

माँटगोमेरी ओक्लाहोमाचे चेरोकी. पण चेरोकी ओक्लाहोमात आले कसे?

त्यांचा मूळ मुलूख जॉर्जियाच्या आसपासचा. १८३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. खटला जिंकला, पण निकाल कागदावरच राहिला. १८३८ मध्ये सैनिकांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढून पश्चिमेकडे हाकललं. सुमारे १६,००० लोकांपैकी ४,००० च्या आसपास दगावले, असं मानलं जातं.

पुढे १९०६ च्या कायद्याने चेरोकींचा प्रमुख नेमण्याचा अधिकार थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे गेला. १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी असाच प्रमुख नेमला. माँटगोमेरींना पदक मिळालं तेही रूझवेल्ट यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९४५ मध्ये. म्हणजे देशासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या या माणसाला आपल्या जमातीचा प्रमुख मात्र निवडता येत नव्हता.

युद्धानंतर त्यांनी मस्कोगीत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्यात नोकरी केली. प्रमुख निवडण्याचा हक्क १९७० च्या कायद्याने परत मिळाला आणि १९७१ मध्ये मतदान झालं. तोवर माँटगोमेरींनी पन्नाशी ओलांडली होती.

२००२ मध्ये ते गेले. मस्कोगीचं माजी सैनिकांचं रुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या न्यायालयाने सांगितलं, की चेरोकींचा राखीव प्रदेश कायद्याने कधी रद्द झालाच नव्हता.