काडतूस घरी भरायचं का? नेमबाजी, चिकू आणि लॉट नंबर

मागच्या भागात आपण स्वप्नील कुसाळेबद्दल बोललो होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकणारा. तो भाग ऐकून तलासरीच्या एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, यूट्यूबवर अमेरिकेतले शूटर घरीच काडतुसं भरतात. त्याने नेम सुधारतो म्हणे. मग आपल्याकडे का करत नाहीत?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर थोडं लांब आहे, डहाणू ते विरार लोकलमध्ये आरामात ऐकून होईल.

आधी ते लोक करतात काय ते बघू. काडतुसाचे चार भाग: पितळी केस, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्राइमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली बुलेट. मोठ्या रायफलची केस बार उडाल्यावर फेकायची नसते, ती पुन्हा भरता येते. १००० यार्डांवर, म्हणजे जवळजवळ ९१४ मीटरवर नेम धरणारे हौशी शूटर दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे फक्त ०.०६५ ग्रॅम! एवढा खटाटोप जास्त ताकदीसाठी नसतो हं. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच निघावी, इतकंच. वेग कमीजास्त झाला की लांबच्या टार्गेटवर भोकं एका उभ्या रेषेत पसरतात, एक वर, एक खाली. हात कितीही स्थिर असू दे.

आता स्वप्नीलच्या प्रकाराकडे या. तिथे पॉइंट टू-टूचं काडतूस लागतं, आणि ते पुन्हा भरता येत नाही. त्यात वेगळा प्राइमर नसतोच. ठिणगीचा मसाला केसच्या बुडाच्या कडेत, आतून भरलेला असतो. घोड्याची पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की केस संपली.

म्हणजे ऑलिंपिकच्या या खेळात जगातला कोणताही शूटर स्वतःचं काडतूस बनवत नाही. तरीही एकसारखेपणा हवाच. किती हवा? हिशोब करून बघा. गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते. एखादी गोळी सेकंदाला १० मीटरने हळू निघाली, तर ती टार्गेटवर जवळपास ८ मिलिमीटर खाली लागते. या टार्गेटवर ८ मिलिमीटर म्हणजे अख्खा एक गुण. तुम्ही १०.९ चा परफेक्ट शॉट मारलात आणि स्क्रीनवर ९.९ दिसला. चूक तुमची नाही, पण गुण तुमचाच गेला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या फायनलला आपला जॉयदीप कर्माकर चौथा आला. ब्राँझ किती लांब होतं? १.९ गुण. (त्याच्या गोळ्यांत दोष होता असं मी म्हणत नाहीये. फरक किती बारीक असतो तेवढं सांगतोय.)

मग उपाय काय? निवड. आपल्या डहाणू-घोलवडच्या वाडीत चिकू उतरवल्यावर काय करतात? घरातल्या बायका ढिगासमोर बसतात आणि एकसारखी फळं एका पेटीत जातात. चिकू कोणी बनवत नाही, निवडतात. इथेही तेच. काडतुसाच्या प्रत्येक डबीवर लॉट नंबर छापलेला असतो. कंपनी तीच, किंमत तीच, तरी एका लॉटचं वागणं दुसऱ्यासारखं नसतं. म्हणून शूटर आपली रायफल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात. एलीची बर्मिंगहॅमला आहे, लापुआची जर्मनीत. तिथे बॅरल शिकंजात घट्ट पकडतात, म्हणजे माणसाचा श्वास आणि खांदा दोन्ही बाद. एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या, भोकांचा घोळका मोजायचा, आणि सगळ्यात लहान घोळका देणारा लॉट खोकीच्या खोकी उचलायचा. गंमत म्हणजे तुमच्या बॅरलला आवडलेला लॉट माझ्या बॅरलला अजिबात आवडणार नाही, असंही होतं.

हे मला कॉलेजात १० मीटर एअर रायफल मारताना कळलं, तेही उशिरा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पेलेट संपले, मी त्याच ब्रँडचा नवा डबा घेतला आणि लॉट नंबर बघितलाच नाही. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दिवसभर मी स्वतःच्या ट्रिगरला शिव्या घालत होतो. घरी येऊन दोन्ही डबे शेजारी ठेवून मारले, तेव्हा उजेड पडला.

आता तलासरीच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. "प्रॅक्टिससाठी केलं" म्हणून कोणी सोडणार नाही. शिवाय दारूचं माप चुकलं तर रायफल फुटते, आणि ती गालाला लावलेली असते रे. तेव्हा व्हिडिओ बघ, पण हात लावू नकोस.

तुझ्याकडे एअर रायफल आहे म्हणालास ना? दोन वेगळ्या लॉटचे डबे घे, प्रत्येकाच्या दहा पेलेट टेकू देऊन मार, आणि दोन्ही टार्गेटचे फोटो मला पाठव. घोळके आपण पुढच्या भागात मोजू.