वनवासाच्या गावचे नाटक

नाशिकला वनवास नवा नाही. अयोध्येचा राजपुत्र घर सुटल्यावर याच पंचवटीत पर्णकुटी बांधून राहिला, असे आपण आजीच्या मांडीवर ऐकत आलो. त्याच गोदाकाठच्या वि. वा. शिरवाडकरांनी मराठी रंगभूमीवर आणखी एक वनवासी उभा केला : ‘नटसम्राट’ गणपतराव बेलवलकर.

रामाचा वनवास चौदा वर्षांनी संपला. या म्हाताऱ्या नटाचा संपतच नाही. जन्मभर रंगमंचावर राजे झालेला हा माणूस निवृत्त होताना सारी पुंजी मुलाला नि मुलीला वाटून टाकतो, आणि त्यांच्या घरी पाहुणा होऊन बसतो. मुलाकडे अडगळ, लेकीकडे चोरीचा आळ! पत्नी कावेरी अर्ध्या वाटेवर साथ सोडते, आणि अखेर आधार देतो तो रस्त्यावरचा, बूटपॉलिश करणारा एक पोरगा. परागंदा व्हायला देश सोडावा लागत नाही. उंबरठा परका झाला की पुरे.

हे नाटक रंगभूमीवर आणले कोणी, ठाऊक आहे? ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ने. मुंबईत आलेल्या गोमंतकीयांनी १९१९ साली स्थापिलेली ही संस्था. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अंमल संपेपर्यंत या मंडळींचे घर सरहद्दीपलीकडे होते. परक्या शहरात त्यांनी एकत्र येऊन नाटके केली, आणि त्यांतली मोठी नाटके नाशिकहून आली. नाशिककर वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) त्यांनीच केले. ‘मत्स्यगंधा’ही (१९६४) त्यांचेच, त्याला संगीत होते मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत ‘नटसम्राट’चा पडदा उघडला. डॉ. श्रीराम लागू बेलवलकर झाले, आणि चाळीतल्या दोन खोल्यांत आईबापांना कुठे ठेवावे या विवंचनेत असलेल्या प्रेक्षकाला आपलेच घर समोर दिसले.

पडदा पडला, तरी प्रश्न उरला. याच संस्थेने पुढे गोव्यात, फोंड्याजवळच्या बांदिवड्यास, ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभारला. संस्थेचे आधारस्तंभ रामकृष्ण नायक यांनी त्या कामाला वाहून घेतले.

बेलवलकरांना अखेरपर्यंत घर मिळाले नाही. त्यांची कहाणी रंगमंचावर मांडणाऱ्यांनी मात्र आपल्या मुलखात परतून दुसऱ्यांसाठी घर बांधले. पंचवटीच्या लेखकाला याहून मोठी बिदागी ती कोणती?