टेक लाइव्ह: पूर्ण संच, नेमका संच आणि मराठी

१९९१ मध्ये फ्रान्स वेल्थाइस यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी देवनागरी संच केला, तेव्हा मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा, आधी वेगळ्या प्रोग्रॅममधून काढायचा आणि मगच टेककडे द्यायचा, अशी वाट होती. त्या काळच्या लहान डिस्कवर गरजेपुरतेच बसवणे शहाणपणाचे होते. १९९६ मध्ये टेक आणि त्याची पॅकेजे एकत्र देणारे टेक लाइव्ह आले आणि आज त्याचा पूर्ण संच सात-आठ जीबी भरतो. पण ‘जितके जास्त बसवाल तितके काम मंद’ हा जुना समज अजून टिकून आहे, आणि तो खरा नाही. टेक सुरू होताना आधीच तयार करून ठेवलेली फॉरमॅट फाइल वाचते, हवी ती फाइल सूचीतून शोधते, आणि दस्तऐवजाने न मागितलेल्या पॅकेजला हातही लावत नाही. डिस्कवर पडून असलेली हजारो पॅकेजे पान जुळवताना वेळ खात नाहीत. वेळ जातो तो संच बसवताना, अद्ययावत करताना आणि लुआलाटेक ही टेकची नवी आवृत्ती पहिल्यांदा टंकांची यादी बनवते तेव्हा. त्यानंतर ती यादी तयार असते.

मराठीपुरते तर टेक लाइव्हच्या किमान, म्हणजे सर्वांत छोट्या, संचाचे गणित उलटेच पडते. २००४ मध्ये आलेल्या झीटेक या टेकच्या आवृत्तीने युनिकोड मजकूर आणि पुढे ओपनटाइप टंक थेट वापरता आले, २०२० पासून लुआलाटेकलाही अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझची जोड मिळाली. युनिकोड मजकुरातली जोडाक्षरे नीट उमटू लागली ती या दोन टप्प्यांमुळे. आयआयटी मुंबईचा शोभिका टंक, मराठीचे शब्दविभागणीचे नियम, ‘मराठी’ हे पॅकेज हे सारे मात्र किमान संचात नसते. म्हणजे काटछाट होते ती आधी आपल्याच लिपीची.

यावर आक्षेप रास्त आहे: नेरसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइलच्या डेटावर एवढा मोठा संच कोण उतरवणार? अशा वेळी माहितीपुस्तिका आणि मूळ स्रोत वगळावेत. मोठा भार तिथेच हलका होतो, छपाईचे काही अडत नाही. मिकटेक हा टेकचा दुसरा संच लागेल ते पॅकेज आयत्या वेळी आणतो, पण त्या क्षणी नेट हवेच. टेक लाइव्हमध्ये छोट्या संचावर एकेक पॅकेज चढवायचे, तर त्याला लागणारी बाकीची पॅकेजे दरवेळी आपोआप येतातच असे नाही. पुस्तक छापायला देण्याच्या आदल्या रात्री एकामागून एक त्रुटी वाचत बसण्यापेक्षा चांगले नेट मिळेल त्या दिवशी, पुस्तिका वगळून, पूर्ण संच एकदाच उतरवून ठेवावा.