गाडी लागणे, उलटीचे औषध आणि भांग : पालक-शिक्षकांनी समजून घ्यावे असे काही



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांत सहलीची गडबड सुरू होते. संमतीपत्रं वाटली की दोन-तीन घरांतून हमखास निरोप येतो, "सर, आमच्या पोराला गाडी लागते, त्याला नाही पाठवत." घाटातली दोन-तीन तासांची वळणं आडवी येतात आणि ते मूल प्रतापगड पुस्तकातच पाहतं. म्हणून हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

आपल्याकडे यावर उपायही बरेच आहेत. कुणी लिंबू हुंगायला देतं, कुणी आवळासुपारी, कुणी आलेपाक, तर कुणी वर्तमानपत्रावर बसवतं. आता मोबाइलमुळे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. "गांजाच्या झाडात उलटी थांबवणारं औषध असतं, परदेशात डॉक्टरच देतात" असं पालक ऐकतात आणि विचारतात, "हेम्पचं तेल दिलं तर चालेल का? किंवा भांगेची चिमूट?" ऐकलेल्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. म्हणूनच नुसतं "छे, काहीतरीच!" म्हणून भागत नाही. खरं किती आणि मुलांच्या बाबतीत ते का लागू नाही, हे आज नीट पाहू या.

गाडी लागते म्हणजे नेमकं काय होतं?

फुगडी घालून थांबल्यावर जग फिरत राहतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. त्याचं कारण कानात आहे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की द्रव थोडा मागे राहतो, आणि डोकं थांबलं तरी तो क्षणभर वाहत राहतो. त्याच्याशेजारी बारीक खड्यांसारखे कण असलेले आणखी दोन अवयव असतात. पुढे-मागे, वर-खाली झालेली हालचाल ते ओळखतात. थोडक्यात, आपला तोल सांभाळण्याचं मोठं काम कान करतो.

आता बसमधलं मूल पाहा. ते समोरच्या सीटकडे किंवा मोबाइलकडे बघत बसलंय. डोळे मेंदूला सांगतात, "आपण स्थिर आहोत." कान सांगतो, "छे, आपण वळतोय, उसळतोय." दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळत नाहीत. हा घोळ चालू राहिला की जांभया, तोंडाला पाणी सुटणं, चेहरा पांढरा पडणं, घाम, मळमळ आणि शेवटी उलटी, अशा क्रमाने त्रास वाढत जातो.

यात कानाचा हात आहे हे कशावरून? ज्यांच्या अंतर्कर्णाचा हा भाग मुळीच काम करत नाही, त्यांना गाडी किंवा बोट लागत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ सालीच नोंदवलं होतं की, जन्मजात कर्णबधिर असलेल्या अनेकांना गोल फिरवलं तरी चक्कर येत नाही. ड्रायव्हरला सहसा गाडी का लागत नाही, हेही आता कळेल. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा मेंदू तयारीत असतो.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. साधारण दोन ते बारा या वयात तो जास्त दिसतो, म्हणजे नेमका आपल्या प्राथमिक शाळेच्या वयात. म्हणून "नाजूक आहे", "नाटक करतो" हे शब्द कृपया वापरू नका.

वर्गात करून पाहा

साहित्य : झाकणाची पारदर्शक गोल बरणी, पाणी, चिमूटभर चमकी.

बरणीत पाऊण भाग पाणी आणि चमकी घाला, झाकण घट्ट लावा. बरणी टेबलावर उभी ठेवून झटकन अर्धा वेढा फिरवा. बरणी फिरते, पण चमकी सुरुवातीला जागीच राहिलेली दिसेल. आता सावकाश पाच-सहा वेढे द्या आणि एकदम थांबवा. बरणी थांबली तरी चमकी फिरत राहते. "बरणी म्हणजे आपलं डोकं, पाणी म्हणजे कानातला द्रव" एवढं सांगितलं की तिसरी-चौथीची मुलंसुद्धा पुढचं स्वतःहून सांगतात.

उलटी एकच, पण वाटा चार

हा भाग नीट वाचा, कारण भांगेच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उलटी घडवणारं केंद्र मेंदूच्या तळाशी असतं. तिथे निरोप चार वाटांनी पोहोचतो :

१. कानाची वाट : गाडी, बोट, पाळणा, विमान.
२. पोटाची वाट : शिळं अन्न, जंतुसंसर्ग, अति खाणं.
३. रक्ताची वाट : रक्तात विष किंवा काही तीव्र औषधं आली की मेंदूतला एक भाग ते ओळखतो.
४. मनाची वाट : भीती, घाण वास, दुसऱ्याची उलटी पाहणं, किंवा "आज मला होणारच" ही धास्ती.

प्रत्येक वाटेवर निरोप नेणारी रसायनं थोडी वेगळी असतात. कानाच्या वाटेवर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलीन ही मुख्य, तर पोटाच्या वाटेवर सेरोटोनिनचं काम मोठं. त्यामुळे एका वाटेवरचं औषध दुसऱ्या वाटेवर चालेलच असं नाही.

याचं घरगुती उदाहरण घ्या. पोट बिघडून उलट्या होत होत्या तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं ऑन्डॅनसेट्रॉनचं सिरप अनेक घरांत उरलेलं असतं. सहलीच्या सकाळी तेच चमचाभर पाजलं जातं. हे औषध सेरोटोनिनची वाट अडवतं, आणि गाडी लागण्यावर त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. कानाच्या वाटेवर प्रोमेथाझिनसारखी हिस्टामिनविरोधी औषधं चालतात. म्हणजे "उलटीचं औषध" असं एकच सरसकट औषध नसतं.

भांगेची गोष्ट कुठपर्यंत खरी?

'तुळशीत भांग' हा वाक्प्रचार आपण मुलांना शिकवतो, पण भांग, गांजा आणि चरस हे एकाच झाडाचे प्रकार आहेत हे अनेकांना माहीत नसतं. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. आयुर्वेदात या झाडाला 'विजया' असंही म्हणतात. १८३९ साली कोलकात्यात डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी धनुर्वात, संधिवात, कॉलरा अशा रोगांवर याचे प्रयोग करून ते लिहून काढले आणि तिथून पाश्चात्त्य वैद्यकाचं याकडे लक्ष गेलं.

यातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. ते नेमकं काय आहे हे १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येकिएल गाओनी यांनी शोधलं. पुढे कळलं की आपल्या मेंदूतच या द्रव्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा आहेत, आणि शरीर स्वतःही तशाच कामाचं द्रव्य तयार करतं. १९९२ मध्ये सापडलेल्या अशा एका द्रव्याला संशोधकांनी 'आनंदामाइड' असं नाव दिलं, आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून! उलटीच्या केंद्राजवळही या जागा आहेत.

कर्करोगाच्या केमोथेरपीत रुग्णांना भयंकर उलट्या होतात. १९७५ साली बोस्टनमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना टीएचसी देऊन पाहिलं आणि त्यांच्या उलट्या कमी झाल्या. १९८५ मध्ये अमेरिकेत ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या दोन औषधांना मंजुरी मिळाली. पहिलं म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, दुसरं त्याच्यासारखंच कृत्रिम द्रव्य. "परदेशात डॉक्टर देतात" ही गोष्ट इथून आली. पण ही औषधं मोजून-मापून, मुख्यतः केमोथेरपीच्या रुग्णांना आणि नेहमीची औषधं चालली नाहीत तर दिली जातात. आणि केमोथेरपीची उलटी रक्ताच्या आणि पोटाच्या वाटेने येते, कानाच्या नव्हे.

मग बसमध्ये का नाही?

गाडी लागण्याशी या द्रव्यांचा काहीच संबंध नाही, असंही नाही. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २१ जणांना खास विमानातून नेलं. हे विमान वर-खाली झेपावत काही सेकंद वजनरहित अवस्था देतं. ज्यांना विमान लागलं, त्यांच्या रक्तात शरीराने स्वतः बनवलेल्या आनंदामाइडसारख्या द्रव्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं.

यावरून "मग बाहेरून भांग दिली की झालं" असं वाटू शकतं. पण इथेच चूक होते. एक तर द्रव्य कमी पडलं म्हणून त्रास झाला, की त्रास झाला म्हणून द्रव्य कमी झालं, हे त्यातून ठरत नाही. दुसरं, शरीर हे द्रव्य हवं तिथे, हवं तेवढं, क्षणभरासाठी बनवतं. भांग मात्र सगळ्या मेंदूवर तासन्‌तास काम करते. कुंडीतल्या रोपाला झारीने पाणी लागतं म्हणून कुणी कालव्याचा दरवाजा उघडत नाही.

शिवाय चक्कर, तोल जाणं, गुंगी हे टीएचसीचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. ज्या मुलाच्या तोलाच्या यंत्रणेतच घोळ झालाय, त्याला आणखी चक्कर आणणारी गोष्ट देण्यात काय अर्थ? गाडी लागण्यावर भांग किंवा गांजा हा मान्यताप्राप्त उपचार नाही. आणि एक उलटीच गंमत आहे. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काहींना पुन्हापुन्हा न थांबणाऱ्या उलट्यांचा आजार होतो. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. सतत गरम पाण्याने अंघोळ करत राहिलं की या रुग्णांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गांजा सोडल्याशिवाय आजार जात नाही.

हेम्पच्या तेलाचं काय? बियांमध्ये टीएचसी जवळजवळ नसतंच. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी खातात. आपल्या देशात २०२१ पासून या बिया आणि बियांचं तेल यांना अन्न म्हणून परवानगी आहे, पण ते खाद्यतेल आहे, उलटीचं औषध नव्हे. इतर 'अर्क' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या मुलांच्या तोंडाशी नेऊच नयेत.

मुलं, धोका आणि कायदा

खाल्लेल्या भांगेचा परिणाम लगेच दिसत नाही. अर्धा तास ते दोन तास, कधी जास्तही लागतात. त्यामुळे "काहीच झालं नाही" म्हणून आणखी दिली जाते. लहान मुलांत प्रचंड झोप, तोल जाणं, श्वास मंदावणं आणि गंभीर वेळी बेशुद्धीही येऊ शकते. महाशिवरात्रीला किंवा होळीला थंडाई, गोळी चुकून मुलाच्या पोटात गेली, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा, आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवलं तर उपचाराला उशीर होतो.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय तीही चालत नाही. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत भांगेचं नाव आहे, त्यामुळे अशी औषधं वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. "चिमूटभरच दिली" ही सबब तिथे चालणार नाही.

सहलीत खरंच उपयोगी पडणाऱ्या गोष्टी

• जागा : पुढच्या भागात, प्रवासाच्या दिशेने तोंड करून. मागच्या चाकामागची सीट नको, तिथे उसळी जास्त असते.
• नजर : खिडकीबाहेर लांबच्या डोंगराकडे. डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळते. मोबाइल, पुस्तक बंद.
• डोकं : सीटला टेकवून स्थिर. झोप लागली तर उत्तमच.
• खाणं : उपाशीपोटी नको आणि वडे-मिसळही नको. पोळी-भाजी किंवा केळं, थोडंसंच.
• हवा : खिडकी उघडी, अत्तर आणि डिझेलच्या वासापासून दूर. दर तासा-दीड तासाने थांबा.
• मन : गाण्यांच्या भेंड्या लावा. लक्ष दुसरीकडे गेलं की मनाची वाट बंद होते.
• आलं : काहींना थोडा फायदा होतो. आलेपाकाचा तुकडा द्यायला हरकत नाही. लिंबू, आवळासुपारीही चालेल. वर्तमानपत्रावर बसण्याला शास्त्रीय आधार नाही, पण नुकसानही नाही.
• औषध : डॉक्टरांना विचारूनच, वजनाप्रमाणे, निघण्याआधी अर्धा ते एक तास. उलटी सुरू झाल्यावर दिलं तर फारसा उपयोग नाही. गुंगी येते, म्हणून तशी नोंद शिक्षकांकडे हवी. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला मुळीच नको. शिक्षकांनी पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही गोळी देऊ नये.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. सगळ्यांसमोर "उलटी कुणाकुणाला होते रे, हात वर करा" असं विचारू नका. संमतीपत्रात एक रकाना ठेवा. पिशव्या, पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि एक जादा शर्ट हाताशी ठेवा. कुणाला उलटी झालीच तर हसणाऱ्यांना आवरा. त्या एका हशामुळे पुढच्या वर्षीची सहल ते मूल स्वतःहूनच नाकारतं.

आणि गाडी थांबून बराच वेळ झाला तरी उलट्या थांबत नसतील, किंवा सोबत ताप, तीव्र डोकेदुखी, डोक्याला मार असेल, तर ते गाडी लागणं समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

मोठं होता होता बहुतेक मुलांचा हा त्रास कमी होतो आणि सवयीनेही मेंदू शिकतो. म्हणून आधी जवळच्या गावी, सरळ रस्त्याने न्या, मग घाट दाखवा. येत्या पालकसभेत बरणीचा प्रयोग पालकांसमोरही करा. कारण समजलं की पालक भांगेचं विचारणार नाहीत आणि मुलाला घरीही ठेवणार नाहीत.