चैत्रात घरी कोण राहतं?
लेखमाला : वसंतातली कामं – लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण इंग्लंडच्या खेड्यांत होतो. तिथला बागवाला एप्रिलमध्ये रोज आभाळाकडे बघतो. एका रात्रीच्या कडाक्यानं कोवळी रोपं करपतील, ही त्याची धास्ती मे महिना अर्धा सरेपर्यंत जात नाही. मोखाड्यात रोपं थंडीनं मरत नाहीत. ती मरतात पाणी घालायला घरी कोणी नसल्यामुळे. पालघर जिल्ह्याच्या या डोंगराळ टोकाला बाग फुलवायची तर माती आणि बियाणं यांच्याआधी घरात माणूस लागतो. वसंतात नेमका तोच मिळत नाही.

दिवाळी उरकली, भात-नागलीची मळणी झाली की मोखाडा आणि जव्हारमधली कुटुंबं पोराबाळांसह बाहेर पडतात. कोणी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कोणी वसई-विरारच्या बांधकामांवर. परततात ती होळीला. इथल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांत शिमग्याइतका मोठा सण दुसरा नाही. त्याच सुमाराला बोहाडा उभा राहतो. सांबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात, गणपतीपासून रावणापर्यंत सगळे मुखवटे लावून येऊन जातात. मग बरीच घरं पुन्हा कुलूपबंद होतात. गावात उरतात म्हातारी माणसं, काही बाया आणि ज्यांच्याकडे थोडंफार पाणी आहे ते.

पाण्याचं गणित बाहेरच्या माणसाला पटकन पचत नाही. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. खाली अखंड काळा पाषाण, वर हातभर मातीचा थर आणि जमीन उताराची. पडलेलं पाणी मुरण्याआधीच वैतरणेकडे धाव घेतं. ते अडवलं कोणी? याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं. २०१४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तिथलं पाणी मुंबईच्या नळांना जातं, आणि धरणाच्या तालुक्यातली बाई डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यापर्यंत चालते. यावर पानं भरता येतील. पण आपला विषय बाग आहे, तेव्हा त्या हंड्यातलं किती पाणी झाडाला मिळतं एवढंच बघू.

वसंतातली काही कामं पाण्यावाचून भागतात आणि ती सगळ्यांत जुनी आहेत. पहिलं राबाचं. पावसाळ्यात जिथे नागली, वरई किंवा भाताची रोपं करायची, त्या तुकड्यावर फाल्गुन-चैत्रात शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, वाळलं गवत असे थर रचतात आणि वरून माती टाकतात. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवतात, म्हणजे आग भडकत नाही, हळूहळू सरकत जाते. वरची माती भाजली की तणाचं बी मरतं, राख मिसळते, आणि पहिल्या पावसानंतर रोपं तणाआधी डोकं वर काढतात. राबासाठी फांद्या तोडणं हा गुन्हा की हक्क, यावरून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात इंग्रज सरकारशी मोठा वाद झाला. गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ मध्ये वनआयोग नेमावा लागला. मोखाडा तेव्हा शहापूरचा पेटा, म्हणजे पोटविभाग, म्हणून थेट इंग्रजी अमलाखाली होता. शेजारचं जव्हार मुकणे घराण्याचं संस्थान होतं. आज राबाच्या धुरावर नाक मुरडणाऱ्यांनी तण काढायच्या मजुरीचा खर्च एकदा मांडून बघावा, मग बोलावं.

दुसरं काम मोहाचं. त्याला लागवड नाही, पाणी नाही, राखण मात्र आहे. पानगळीनंतर पहाटे फुलं टपटप गळू लागतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून जागा मोकळी करायची आणि उन्हं चढायच्या आत फुलं वेचायची. ही फुलं सुकवून वर्षभर खाल्ली जात. दारू हा त्यांचा एक उपयोग, एकमेव नव्हे. मुंबई सरकारला मात्र तेवढाच दिसला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा खास कायदा झाला आणि ज्या घरांचं उन्हाळ्यातलं अन्न हे फूल होतं, त्या घरांवर ते बाळगण्याबद्दल बंधनं आली. मोहफुलं गोळा करण्यावरची बंधनं महाराष्ट्रात उठायला २०२१ साल उजाडलं.

आता पाणी मागणाऱ्या बागेकडे वळू. सगळ्यांत साधी बाग मोरीच्या मागची. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जिथे वाहून जातं तिथे अळू, एखादी पपई, शेवगा, मिरचीची चार रोपं. पावसाळ्यात मांडवावर दुधी, काकडी, पडवळ चढतात आणि अंगणाला गर्दी होते. चैत्रात तीच परसबाग मोरीच्या ओलीपुरती उरते. तरी तिची किंमत मोठी आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर कुपोषणावरच्या जवळजवळ प्रत्येक योजनेत परसबाग आली. कागदावर ती सोपी दिसते. बियाण्याची पाकिटं वाटली की काम संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मार्चमध्ये जाऊन बघावं. वेल सुकलेला असतो, कारण घर वीटभट्टीवर गेलेलं असतं. गेल्या वेळी आपण इंग्लंडमधल्या मजुरांना भाजीसाठी मिळणाऱ्या तुकड्यांबद्दल बोललो होतो. १९०८ च्या कायद्यानं त्या तुकड्यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तिथल्या मजुराचा तुकडा घराच्या आसपास होता आणि वरून पाऊस वर्षभर शिंपण करत होता. इथे या दोन्ही गोष्टी नाहीत.

‘बायफ’ची वाडी हे उत्तर मला म्हणूनच जास्त विचार केलेलं वाटतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ही संस्था उभी केली. गुजरातच्या वांसदा भागात १९८२ मध्ये वाडीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे जव्हारच्या पट्ट्यात आला. एकरभर वरकस जमिनीत आंबा-काजूची कलमं, बांधावर सरपणाची झाडं, मधल्या पट्ट्यात नागली नाहीतर भाजी. कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे जगवावं लागतं. मुळाशी मडकं पुरायचं, बुंध्याभोवती पाचोळ्याचं आच्छादन करायचं आणि हंड्यानं पाणी आणून ते मडकं भरायचं. ते दोन-तीन उन्हाळे घरातलं कोणीतरी गावात थांबलं तरच वाडी उभी राहते. थांबल्यावर पुढच्या वसंतांत काजू आणि मग आंबा हातात पडतो. पण मधली वर्षं काढायची कशावर?

इथे मोगरा कामाला येतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात अनेक आदिवासी कुटुंबांनी तो लावला आहे. जागा थोडी लागते आणि ठिबकवर भागतं. हिवाळ्यात पाणी तोडून, छाटणी करून झाडाला ताण द्यायचा. मग पाणी सुरू केलं की नवी फूट येते आणि फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या धरतात. तोडणीत खरं कसब आहे. कळी पूर्ण भरलेली, पांढरी, पण मिटलेली हवी. हिरवट तोडली तर ती उमलतच नाही, उमललेली तोडली तर बाजारात पोचेपर्यंत उतरते. सकाळी तोडलेली कळी त्याच संध्याकाळी एखाद्या गजऱ्यात उमलायला हवी. म्हणून तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन निघायचं. कळ्या जांभळट दिसू लागल्या की समजावं, आत अळी शिरली.

माल मुख्यतः दादरच्या फूलबाजारात जातो. लग्नसराईत भाव चढतो, तिथी संपल्या की घसरतो. २०२० च्या वसंतात टाळेबंदीमुळे फूलबाजार बंद पडले आणि ऐन हंगामात मोगऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. एका फुलावर आणि एका बाजारावर घर टाकणं धोक्याचं आहे, यात शंका नाही. तरीही मोगऱ्याची एक खोड इथे गुण ठरते. तो सुट्टी देत नाही. आज न तोडलेली कळी उद्या फुकट. रोज पहाटे हात लागतात आणि रोजचे पैसे रोज दिसतात, त्यामुळे भट्टीच्या मुकादमाकडून उचल घेण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. मोगऱ्याला दिलेल्या पाण्यावर शेजारची चार मिरच्यांची रोपंही जगतात. काजूच्या कलमाखालचं मडकंही भरतं. आणि आईबाप गावात असल्यामुळे पोरं मार्च-एप्रिलमध्ये गावच्याच शाळेत असतात. मोगऱ्याचा हिशेब मांडताना हे सहसा कोणी धरत नाही.

अर्थात हे सगळं ज्याच्या विहिरीला चैत्रात तळ दिसत नाही त्याच्यासाठी. बाकीच्यांचा मोगरा कोणाच्या तरी शेततळ्यावर, ओढ्यावरच्या वनराई बंधाऱ्यावर किंवा गटानं बसवलेल्या सौरपंपावर अवलंबून असतो. तो बंधारा पावसाळा ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घालावा लागतो, म्हणजे नेमका भट्टीकडे जाणारी गाडी पाड्यावर येते त्या दिवसांत.

(पुढच्या लेखांकात : खोडाळ्याच्या उतारांवरची नागली आणि आवणीचे दिवस.)