कोड सगळ्यांना दिसतो, पण बघतं कोण?



या आठवड्याच्या व्हिडिओत ओपन सोर्सचा विषय झाला, पण एक मुद्दा घाईत राहून गेला. तो इथे मांडतो.

तुमच्यापैकी काही जण स्वतःचं ॲप किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवताय. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला की लोक येऊन चुका दाखवतील, असं आपल्याला वाटतं. पण शटर वर केलं म्हणून गिऱ्हाईक येतंच असं नाही ना? तसंच हे.

ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. वेबसाइट आणि आपला ब्राउझर यांच्यात जाणारी माहिती गुप्त ठेवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. २०११ च्या शेवटी त्यात नवा कोड आला. समोरच्याने मजकुराची जी लांबी सांगितली ती खरी आहे का, हे तपासायचं त्यात राहून गेलं. टीममधल्या एकाने कोड तपासला, त्याच्याही नजरेतून ते सुटलं. ही चूक ‘हार्टब्लीड’ नावाने जाहीर झाली थेट एप्रिल २०१४ मध्ये. तोवर दोन वर्षं सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्डसुद्धा बाहेर जाऊ शकत होते. कोड या सगळ्या काळात खुलाच होता! पुढे या प्रकल्पाने नियम केला: कुठलाही बदल किमान दोघांनी तपासल्याशिवाय आत जाणार नाही.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. दिवाळीच्या गर्दीत ४५० चा माल मी कॉम्प्युटरवर ४५ ला टाकला. संध्याकाळी हिशोब जुळेना. काउंटरवरचा नवीन मुलगा म्हणाला, “दादा, मला सकाळीच दिसलं होतं. पण रेट तुम्ही टाकलेला, मी कसा बोलणार?” चूक माझी होतीच. पण त्याला बोलायला जागा दिली नव्हती, ही त्याहून मोठी चूक.

कोडचंही असंच होतं. म्हणून लोकांना तपासायला बोलवावं लागतं. कसं?

१. बदल छोटे ठेवा. पन्नास ओळी माणूस वाचतो, दोन हजार ओळींवरून नुसती नजर फिरवतो.

२. बदल का केला, हे दोन वाक्यांत लिहा.

३. “कुणीतरी बघा” म्हणू नका. नाव घेऊन विचारा: “हा हिशोबाचा भाग तू बघशील का?”

४. स्वतःचा कोड स्वतःच पास करायचा नाही. मालकालाही हाच नियम.

५. नवख्यालाही तपासू द्या. “हे मला कळलं नाही” एवढं तो म्हणाला तरी उपयोग आहे. तिथेच बहुतेक वेळा गडबड असते.

६. बोलायचं ते कोडबद्दल, माणसाबद्दल नाही. “ही ओळ चुकतेय” चालेल, “तुला येत नाही” अजिबात नाही.

७. उत्तर लवकर द्या आणि श्रेय द्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये तपासणाऱ्याचं नाव त्या बदलासोबतच नोंदवतात. ते कायम राहतं. फुकट वेळ देणाऱ्याला एवढा मान तरी मिळायलाच हवा.

कोड लिहीत नसाल, तरी आजचं काम सोपं आहे. तुमची रेट यादी किंवा कोटेशन एका माणसाच्या हातात द्या आणि म्हणा, “यात चूक शोध.”

आणि त्याने शोधली, तर चिडू नका. चहा पाजा!