संमेलनानंतरचे वाचन आणि गावचा ग्रंथपाल



१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. वसईचे ज्येष्ठ साहित्यिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला, याचा आपणा सर्वांना आनंद झाला. २५ जुलै २०२४ रोजी फादरांचे निधन झाले. त्यांचे स्मरण करताना एक प्रश्न मनात येतो. संमेलनाचा मांडव तीन दिवसांनी उतरतो. त्यानंतर गावोगावी वाचन टिकवून कोण धरते?

याच जिल्ह्यातील ढोकीचे उदाहरण घेऊ. तेरणा साखर कारखान्यामुळे हे गाव सर्वदूर परिचित झाले. संत गोरोबाकाकांचे तेर येथून जवळच आहे. अशा गावात वाचन टिकवण्याचे काम सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल करीत असतो. हे काम नेमके कोणते, ते आज समजून घेऊ.

योग्य पुस्तक, योग्य वाचक

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारा आणि नोंदवहीत तारीख लिहिणारा माणूस, अशी आपली समजूत असते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ती पालटली. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांचे सार असे की, ग्रंथ वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहिले पाहिजे.

पुस्तकाची शिफारस करणे हे काम दुसऱ्या व तिसऱ्या सूत्रातून येते. त्यासाठी ग्रंथपालाला पुस्तकाइतकाच माणूसही वाचावा लागतो. समजा, सोयाबीन घेणारा एखादा तरुण शेतकरी केवळ वर्तमानपत्र चाळायला येतो. त्याच्या हाती वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ द्यावे. स्वतः ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या या लेखिकेचे हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. गुलामीत जन्मलेल्या आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीला भुईमुगाच्या साहाय्याने पुन्हा कस आणायला शेतकऱ्यांना शिकवणाऱ्या संशोधकाचे हे चरित्र आहे. ज्याला स्वतःच्या शेतातील प्रश्न पुस्तकात भेटतो, तो दुसरे पुस्तक मागायला आपण होऊन येतो.

जेमतेम अक्षरओळख असलेल्या आजींना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवावीत. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. तरीही १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले त्यांचे आत्मकथन मराठीचे भूषण ठरले. शिक्षण सुटण्याची भीती असलेल्या मुलाला आनंद यादवांची ‘झोंबी’ आपली वाटेल. एकच गाजलेले पुस्तक सर्वांच्या हाती देणे ही शिफारस नव्हे. ‘तुम्ही शेवटचे काय वाचलेत आणि ते कुठे सोडून दिलेत?’ असे ग्रंथपाल विचारतो, त्यामागे हेच कारण असते.

उंबरठ्याबाहेरची माणसे

परंतु जे ग्रंथालयात येतच नाहीत, त्यांचे काय? उपक्रमांची गरज येथे भासते. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. या दिवशी हारतुरे आणि भाषणे झाली की कार्यक्रम संपतो, असा अनुभव अनेकदा येतो. कल्पक ग्रंथपाल त्याऐवजी मुलांकडून कथेचे अभिवाचन करून घेतो. तो मुलांना तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात नेतो आणि परतल्यावर प्राचीन तगर नगरीविषयीची पुस्तके टेबलावर मांडून ठेवतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणाऱ्या वृद्धांना तो बोलावतो आणि तरुणांकडून त्या लिहून घेतो. निजामी राजवटीत मराठवाड्यातील वाचनालये ही लोकजागृतीची केंद्रे होती, हे या निमित्ताने नव्या पिढीला कळते.

गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोपी उभ्या राहतात. त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. ही मुले ग्रंथालयापर्यंत येणार नाहीत; तेव्हा गोष्टींच्या पुस्तकांची पेटीच कोपीवर जायला हवी. ही कल्पना नवी नाही. १९३१ साली तामिळनाडूतील मन्नारगुडी येथे बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले होते. ज्या भागात बैलगाड्या ऊस वाहतात, तेथे पुस्तकांचे चार गठ्ठे वाहून नेणे अशक्य कसे म्हणावे?

अनुदानाचे गणित

हे सारे किती तुटपुंज्या बळावर चालते, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे व नियतकालिके यांचा विचार करून वर्ग ठरतो आणि वर्गानुसार अनुदान मिळते. ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान अनेक वर्षे ३० हजार रुपये होते. २०२२-२३ मध्ये साठ टक्के वाढ होऊन ते ४८ हजार झाले. म्हणजे तेव्हा महिन्याला चार हजार रुपये! ग्रंथपालाचे वेतन, पुस्तके, वृत्तपत्रे, वीजबिल, सारे यातूनच भागवावे लागे. असा ग्रंथपाल मुलांसाठी कथावाचन ठेवतो, तेव्हा तो पगारापलीकडचे काम करीत असतो.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट म्हणजे सभासद व्हावे. ज्या ग्रंथालयाला सभासद नाहीत त्याची बाजू दुबळी पडते, आणि एकदा बंद पडलेले वाचनालय पुन्हा उघडणे फार कठीण असते. दुसरी गोष्ट, घरातील वाचून झालेली चांगली पुस्तके भेट द्यावीत. मात्र रद्दी देऊ नये. तिसरी गोष्ट, निवृत्त शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन युवक-युवतींनी आठवड्यातील एक तास मुलांना वाचून दाखवण्यासाठी द्यावा.

आपल्या समाजाला पुस्तकांची परंपरा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठीत छापले गेले. फादर दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ सोप्या मराठीत वाचकांच्या हाती दिले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार लाभला. लेखकाने आपले काम केले. आता ते पुस्तक वाचकाच्या घरापर्यंत नेणाऱ्या माणसाच्या पाठीशी आपण उभे राहू या. या आठवड्यात आपल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना एवढेच विचारा : ‘माझ्यासाठी एखादे पुस्तक सुचवाल का?’